दुधाचं बिल बघून घर गरीब आहे की नाही ते कळतं का?

दूधगंगाकाठ

नमस्कार मंडळी. चिकोडी तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावात मी एकोणीस वर्षं दूध संस्थेचा सचिव आहे. सकाळ-संध्याकाळ कॅन, फॅट आणि वही. एक गोष्ट काही केल्या मनातून जाईना, म्हणून धागा काढतोय.

आमच्या खालच्या आळीत एक काकू आहेत. मालक जाऊन नऊ वर्षं झाली. घरात सासू, दोन पोरं, दारात दोन म्हशी. मागे रेशन कार्डांची पडताळणी झाली तेव्हा त्यांच्याकडे दुधाच्या बिलाचा उतारा मागितला. मी वर्षाची बेरीज मारली आणि सही-शिक्का करून दिला: १ लाख ३१ हजार. आपल्याकडे कर्नाटकात बीपीएल कार्डाला वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा १ लाख २० हजार. कार्ड गेलं.

आकडा खोटा नव्हता. पण ती बेरीज कपातीच्या आधीची होती. पेंड, भुसा, डॉक्टरची व्हिजिट, संस्थेची उचल हे सगळं दर दहा दिवसांच्या बिलातून कापून जातं. काकूंच्या हातात वर्षभरात पडले ५४ हजार आणि वर काही रुपये. उतारा लिहिताना हे माझ्या डोक्यात आलं नाही. कागद माझ्या सहीने गेला, हे मला फार लागलंय.

मग मी जुन्या वह्या काढून बसलो. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात त्यांचा गोठा पडला, तीन आठवडे दूधच नाही. २०२० बरं गेलं, घरचीच रेडी व्याली, दोन म्हशी झाल्या. २०२१ च्या जुलैत परत पाणी. त्याच हिवाळ्यात सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन, त्यासाठी एक म्हैस विकली. त्या वर्षी त्या घरातून जेवढा पैसा फिरला तेवढा आधी कधी फिरला नसेल. २०२३ पासून राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २ हजार सुरू झाले, आणि संघाचं (बचत गटाचं) कर्ज काढून परत दुसरी म्हैस आली.

आकड्यांत बघितलं तर हे घर कधी वर, कधी खाली. मी मात्र त्या बाईला रोज दोनदा बघतो. पावसात डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ, पायात थोरल्या पोराची शाळेतली जुनी सँडल. माझ्या बघण्यात या घराचं एकही वर्ष वर आलेलं नाही.

तर विचारायचं ते असं, की वर्षानुवर्षं गरीब असलेलं घर ओळखायचं कसं? जगात कुठेतरी याचा नीट विचार झाला असेलच ना?

टिळकवाडी_मास्तर

दादा, फार महत्त्वाचं काढलंत. मी बेळगावात अर्थशास्त्र शिकवतो. मला माहीत आहे तेवढं लिहितो, जरा लांबेल.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला, घर किती काळ गरीब आहे. दुसरा, गरिबी बघायची कशात, येणाऱ्या पैशात की नसलेल्या वस्तूंत.

पहिल्यावर युरोपची पद्धत अशी. देशातली सगळी माणसं उत्पन्नाच्या क्रमाने उभी करा, अगदी मधल्याचं उत्पन्न घ्या आणि त्याच्या ६० टक्क्यांवर रेघ मारा. घरात माणसं कमी-जास्त असतात, म्हणून पहिल्या मोठ्या माणसाला १, बाकीच्या प्रत्येक मोठ्याला ०.५ आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला ०.३ असं वजन देऊन घराचं उत्पन्न वाटतात. आता महत्त्वाचं. जो माणूस या वर्षी रेघेखाली आहे आणि आधीच्या तीन वर्षांपैकी निदान दोन वर्षंही होता, तो चिवट गरिबीत धरतात. त्यासाठी तीच माणसं चार वर्षं धरून ठेवावी लागतात. दर वर्षी नवी घरं निवडली तर टक्केवारी मिळते, पण आत कोण अडकून पडलंय ते कळत नाही.

दुसऱ्या प्रश्नाची सुरुवात ब्रिटनमधली. पीटर टाउनसेंड यांनी १९७९ मध्ये मांडलं की समाजात सर्वसाधारण माणूस जसं जगतो तसं जगायची ऐपत नसणं म्हणजे गरिबी. पुढे १९८३ मध्ये जोआना मॅक आणि स्टुअर्ट लॅन्सली यांनी त्यात एक साधी पण मोठी सुधारणा केली. कुठल्या गोष्टी गरजेच्या हे तज्ज्ञांनी ठरवायचं नाही, लोकांनाच विचारायचं. आणि वस्तू नसेल तर लगेच पुढचा प्रश्न: नको म्हणून नाही, की परवडत नाही म्हणून नाही? परवडत नसेल तरच मोजायचं.

आज युरोपच्या यादीत तेरा गोष्टी आहेत. अचानक आलेला खर्च पेलणं, बिलं-हप्ते न थकणं, एक दिवसाआड मांस, मासे किंवा त्या तोडीचं शाकाहारी जेवण, घर उबदार ठेवणं, झिजलेल्या कपड्यांच्या जागी नवे, पायाला नीट बसणारे दोन जोड, आठवड्याला थोडे पैसे स्वतःवर खर्चायला, महिन्यातून एकदा मित्र-नातेवाइकांबरोबर खाणं-पिणं, वगैरे. पाच परवडत नसतील तर वंचित, सात नसतील तर तीव्र वंचित.

आयर्लंडने दोन्ही जोडलं. उत्पन्न ६० टक्क्यांच्या रेघेखाली, शिवाय अकरा गोष्टींच्या यादीतल्या दोन किंवा जास्त परवडत नाहीत, असं घर त्यांच्या हिशेबात पक्कं गरीब. ब्रिटनने २०१० च्या बालगरिबी कायद्यात उत्पन्न आणि वंचना एकत्र बघणारं माप घातलं होतं. दोन्ही चाळण्यांतून जो राहतो त्याच्याबद्दल शंका फार कमी उरते, म्हणून हा खटाटोप.

आपल्याकडचं उद्या लिहितो.

अथणी_ऊस

मास्तर, माहिती चांगली आहे. पण दूधवाल्या दादांनी एकच बाजू मांडली, दुसरी मी मांडतो.

माझ्या गावात सहा-सहा एकर बागायत ऊस असलेले लोक १२ हजारांचा उत्पन्न दाखला घेऊन फिरतात. बिल बापाच्या नावावर, जमीन तीन भावांच्या नावावर, कार्ड बायकोच्या नावावर. गळीत हंगामात तोडीला येणाऱ्या टोळ्या खोपीत राहतात, मुकादमाची उचल फेडेपर्यंत त्यांना गाव सोडता येत नाही, आणि त्यांचं कार्ड असतंच तर ते दुसऱ्याच तालुक्यात. उत्पन्न विचारलं की ज्याला कागद करता येतो तो गरीब ठरतो. म्हणून मी म्हणतो, उत्पन्न सोडा आणि वस्तू बघा. वस्तू लपत नाहीत.

वडगावचा_माग

वस्तू लपत नाहीत, पण वस्तू जुन्या असतात हे विसरू नका.

आमचं घर बेळगावात विणकर वस्तीत. स्लॅबचं आहे, फरशी आहे, कपाटाला आरसा आहे. हे सगळं माझ्या वडिलांच्या हातचं. चार पॉवरलूम चालायचे, व्यापारी घरी येऊन साड्या उचलायचे. आज दोनच माग आहेत आणि तेही चालतात सूत मिळालं तर. म्हणजे व्यापारी सूत देईल तेव्हा, देईल तेवढं, आणि मजुरी तो ठरवेल ती. लॉकडाऊनमध्ये आख्ख्या गल्लीत खट-खट बंद होती, त्या शांततेत झोप लागायची नाही.

सर्वेवाली मुलगी आली होती. बिचारीने दारातूनच फरशी बघितली आणि टिकमार्क करून टाकला. आत आईचं मंगळसूत्र सोने तारणात होतं, दोन वर्षं नुसतं व्याज भरून फिरवत होतो. ते कुठल्या रकान्यात लिहिणार?

खानापूर_घाट

आमच्याकडचं आणखी वेगळं. जंगलातली गावं, पावसाचं एक भात, बाकी वर्षभर पोरं गोव्यात सेंट्रिंगला नाहीतर हॉटेलात. पैसा गणपतीला आणि शिमग्याला येतो, तो पण एकदम. सर्वे गणपतीनंतर झाला तर आम्ही बरे, जुलैत झाला तर कफल्लक. माणसं तीच, घर तेच.

आणि मोटरसायकलवरून गरिबी ठरवू नका, ही विनंती. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेत दुचाकी असली की घर आपोआप यादीबाहेर. आमच्या वाडीला दिवसाला एकच बस. बाळंतीण न्यायची तर गाडी लागते. माझ्या भावाने गाडी कर्जावर घेतली कारण तिच्याशिवाय कामावर पोचता येत नव्हतं. ती आमच्या गरिबीचा खर्च आहे.

टिळकवाडी_मास्तर

तिघांचं वाचलं. माझ्या मते तिघंही एकाच गोष्टीकडे बोट दाखवताय. उत्पन्न आज काय चाललंय ते सांगतं, पण उड्या मारतं आणि लपवता येतं. वस्तू हळू जमतात आणि हळूच जातात. वडगावच्या दादांचं उत्पन्न आधी पडलं, वस्तू अजून पडल्या नाहीत. नुकतं काम मिळालेल्या पोराच्या घरी उलट, पैसा आला पण छप्पर अजून गळतंय. म्हणून एका वर्षाचं एक माप घेतलं की दोन्ही घरं चुकतात. तेच घर चार-पाच वर्षं बघितलं की उत्पन्न आणि वस्तू एकमेकांच्या जवळ येऊ लागतात.

आता आपल्या देशाचं. कार्डाला उत्पन्नाची मर्यादा असली तरी देशाची गरिबीची रेषा उत्पन्नावर नाही, खर्चावर आहे. शेती, मजुरी, घरचं धान्य यांचं उत्पन्न नेमकं सांगता येत नाही, म्हणून राष्ट्रीय नमुना पाहणीत खर्च विचारतात. १९७१ मध्ये पुण्याला वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी २२५० कॅलरी मिळायला किती खर्च लागेल यावरून हिशेब मांडला. पुढे तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी देशात ग्रामीण भागाला माणशी महिना ८१६ आणि शहराला १००० रुपये अशी रेषा आली. रंगराजन समितीने २०१४ मध्ये ती ९७२ आणि १४०७ वर नेली.

दूधवाल्या दादांच्या काकूंकडे परत या. खर्चाच्या मापात दवाखान्याचा खर्चही धरला जातो. म्हणजे ज्या वर्षी म्हैस विकून ऑपरेशन केलं, त्या वर्षी पाहणी झाली असती तर घराचा खर्च वाढलेला दिसला असता आणि घर रेषेच्या वर गेलं असतं. मी हे वर्गात सांगतो तेव्हा मुलांचा विश्वास बसत नाही.

वस्तूंच्या बाजूने आपल्याकडे नीती आयोगाचा बहुआयामी गरिबी निर्देशांक आहे. पोषण, शाळा, स्वयंपाकाचं इंधन, संडास, पाणी, वीज, घर, बँक खातं असे बारा निकष, आणि वजनाने एक तृतीयांश उणीव असेल तर घर गरीब. त्यात कर्नाटकातल्या गरिबांचं प्रमाण २०१५-१६ ते २०१९-२१ मध्ये १२.७७ वरून ७.५८ टक्क्यांवर आलं. ही सुधारणा खरी आहे. गॅस आला, संडास आले, ते आपण डोळ्यांनी बघतोय. पण दोन्ही वेळची घरं वेगवेगळी होती, त्यामुळे कोण बाहेर पडलं आणि कोण आतच राहिलं ते यातून कळत नाही. शिवाय खातं आहे की नाही हे विचारलंय, खात्यात काही आहे का हे नाही.

तीच घरं परत गाठणारं काम आपल्याकडे झालंय, पण थोडं. भारतीय मानव विकास सर्वेक्षणाने २००४-०५ ची चाळीस हजारांवर घरं २०११-१२ मध्ये परत गाठायचा प्रयत्न केला, आणि बहुतेक सापडली. आणि इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या शेती संशोधन संस्थेने १९७५ पासून काही गावं धरून ठेवली, त्यात आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि कळमण आहे. अथणीहून सोलापूर काही लांब नाही, म्हणजे हे आपल्यासारख्या मुलखात करता येतं.

एक शेवटचं. अर्थतज्ज्ञ एन. एस. जोधांनी राजस्थानातल्या दोन गावांत साठच्या दशकात बघितलेली घरं ऐंशीच्या दशकात परत बघितली. ज्यांचं दरडोई उत्पन्न पाच टक्क्यांहून जास्त घटलं होतं, ती घरं स्वतःच्या मापाने बरी झाली होती. मालकाकडे सालगडी राहावं लागत नव्हतं, बायका पायात नेहमी चप्पल घालत होत्या. अथणीकर, म्हणून मला तुमचं पटतंय, वस्तू विचाराव्यातच. फक्त कुठल्या वस्तू ते त्या गावाने सांगावं.

तंबाखूची_लेक

मी निपाणीची. आई पस्तीस वर्षं बिड्या वळते. पान भिजवायचं, पत्रा ठेवून कापायचं, सूप मांडीवर घेऊन दिवसाला हजाराच्या आसपास. त्यातल्या काही छाटात जातात, त्याचे पैसे नाहीत, पान-जर्दा मात्र तिच्या हिशेबात.

मास्तर, तुम्ही लिहिलंत की नको म्हणून नाही की परवडत नाही म्हणून नाही, हे विचारायचं. मी काल रात्री तुमची यादी घेऊन आईपुढे बसले. आपल्याकडे लागू होईल तेवढी विचारली.

चपलेचे दोन जोड? "एक हाय की. दोन कशाला, पाय दोनच हायेत."
आठवड्यातून दोन-तीनदा अंडं, मटण? "मला वास सोसत न्हाई."
वर्षातून एकदा माहेरी चार दिवस? "तिथं कोण बसलंय वाट बघत."
स्वतःवर खर्चायला थोडे पैसे? यावर ती हसली आणि पान कापायला लागली.

प्रत्येक उत्तर "नको" मध्ये गेलं. तुमच्या पद्धतीने माझी आई शून्य गोष्टींना मुकलेली आहे. पण मला आठवतं, मी सातवीत असताना मामाच्या मुलीच्या लग्नाला ती गेली नाही. पाय दुखतो म्हणाली. आहेराची साडी घ्यायला पैसे नव्हते. मटणाचा वास तिला माझ्या लहानपणी सोसायचा, मला आणि भावाला वाढून झाल्यावर भांड्यात काही उरायचं नाही तेव्हापासून सोसेना झाला.

एक वर्ष गरीब असलेलं माणूस हवं-हवं म्हणतं. पस्तीस वर्षं असलेलं माणूस नको म्हणायला शिकतं. मग ज्यांची गरिबी सगळ्यात जुनी, त्यांनाच तुमचं माप सोडून देणार का?

टिळकवाडी_मास्तर

ताई, हा त्या पद्धतीतला खरा कमकुवत दुवा आहे आणि तो अभ्यासकांनाही दिसलेला आहे. लांब काळ उणिवेत काढलेले, विशेष करून वयस्कर लोक, "परवडत नाही" कमी सांगतात आणि "नको" जास्त. यावर पुरतं औषध नाही. एक करून बघता येतं. तिला स्वतःबद्दल विचारू नका. आपल्या गल्लीतल्या कुठल्याही बाईकडे निदान काय-काय असायलाच हवं, असं विचारा. मॅक-लॅन्सलींच्या पद्धतीचा पाया तोच आहे.

अथणी_ऊस

ताई, तुमचं वाचून मी माझं वाक्य मागे घेतो. वस्तू लपत नाहीत असं म्हणालो होतो. लपतात.

दूधगंगाकाठ

चार दिवसांनी येतोय, माफ करा. मधल्या काळात दोन कामं केली.

पहिलं, काकूंचा नवा उतारा काढला. एका रकान्यात एकूण बिल, दुसऱ्यात कपात, तिसऱ्यात हातात पडलेली रक्कम, आणि असा सहा वर्षांचा. अर्जासोबत जोडून दिलाय. पावती मिळाली आहे. इथून पुढे माझ्या संस्थेतून कुणालाही कपात न दाखवता उतारा जाणार नाही, संचालकांच्या बैठकीत तसं लिहून घेतलं.

दुसरं, मास्तरांनी सांगितलं तसं सकाळच्या दुधाला आलेल्या बायकांना विचारलं. चौदा-पंधरा जणी होत्या. आपल्या गावात कुठलंही घर असो, तिथे काय असायलाच पाहिजे? मला वाटलं टीव्ही, फ्रिज म्हणतील. कुणी म्हटलं नाही.

सगळ्यात आधी आलं ते असं: "घरात म्हस हाय तर घरात दूध पायजे." मी चमकलो. मग एकेकीने सांगितलं. बिल वाढावं म्हणून सगळं दूध संस्थेला घालतात आणि घरात कोरा चहा. माझ्या वहीत ज्या घरांचं दूध एका लिटरनेही कमी-जास्त होत नाही, सणालासुद्धा नाही, ती हीच घरं. एकोणीस वर्षं मी त्यांना नियमित सभासद म्हणत आलो. दिवाळीच्या सभेत नारळ देऊन सत्कार करत आलो.

बाकीचं त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत. पाव्हणा आला तर गोडाचं करायला शेजारी वाटी घेऊन जावं लागू नये. पुराचं पाणी चढलं तर धान्याची कणगी ठेवायला उंचावर जागा. लग्नाकार्याला जायला एक चांगलं लुगडं आणि आहेराचे पैसे. पोराच्या फीसाठी कानातलं मोडायला लागू नये. संघाचा हप्ता भरायला दुसऱ्या संघाचं कर्ज काढायला लागू नये (यावर सगळ्याच एकदम बोलायला लागल्या). ताप आला तर दुसऱ्याच दिवशी दवाखाना, आठव्या दिवशी नाही. रात्री बाहेर जायला लागू नये. पायात आपल्या मापाचं काहीतरी.

नऊ झाल्या. खालच्या काकूही होत्या, त्या काही बोलल्या नाहीत. शेवटच्या गोष्टीला मात्र मान हलवली.

मी ठरवलंय ते असं. या नऊ गोष्टी आणि हातात पडलेली रक्कम, दोन्ही घराघरांतून विचारून वेगळ्या वहीत लिहायची. संस्थेचे सभासद दोनशेच्या आसपास, आणि म्हैसच नसलेली खालच्या आळीची वीस-बावीस घरं. त्यांना वगळलं तर सगळं व्यर्थ. विचारायचा महिना दर वर्षी एकच ठेवायचा, खानापूरच्या दादांनी सांगितलं तसं. वडगावच्या दादांसाठी एक रकाना वाढवला: घरात जी वस्तू आहे ती कधीची, आणि गहाण आहे का. आणि तीच घरं निदान चार वर्षं. विचारायला बायकाच जातील, माझ्यापुढे कोण सांगणार?

मास्तर, कोरी वही पाठवतो, रकाने बरोबर आहेत का बघाल ना?

टिळकवाडी_मास्तर

पाठवा, रविवारी मीच येतो. विद्यार्थी दोघं-तिघं आणतो. कन्नड घरांतही विचारायचं आहे, तर एक मुलगी दोन्ही भाषा बोलणारी असू दे. आणि कार्डासाठी विचारताय असं कुणाला वाटू देऊ नका, नाहीतर उत्तरं फिरतात.

तंबाखूची_लेक

मास्तर, तुम्ही सांगितलं तसं विचारलं. "आई, आपल्या गल्लीत बिड्या वळणाऱ्या बाईकडे काय असायलाच पायजे गं?"

तिने सूप बाजूला ठेवलं. पाठ टेकायला भिंतीला उशी. पंखा, जर्दा उडणार नाही असा हळू. चष्मा. दुपारचं जेवण बसून. दोन साड्या कामाच्या, कारण एकीचा वास जात नाही. पावसात पान वाळवायला जागा. महिन्यातला एक दिवस काहीच न वळता.

मी तिसऱ्यावर थांबले. विचारलं, तुला दिसत नाही का? म्हणाली, "बोटांला दिसतंय की." सात-आठ वर्षं ती दोरा बोटांनीच चाचपून बांधतेय. मला वाटायचं सवय आहे.

शनिवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय. ती नको म्हणतेय.